रेयांश : अंश खरा, पण कुणाचा?

प्रश्न असा आला आहे : 'भाचीच्या मुलाचं नाव रेयांश ठेवलंय. नेटवर अर्थ सापडतो "विष्णूचा अंश", नाहीतर "प्रकाशकिरण". हे संस्कृत आहे का? आणि रेयांश लिहायचं की रियांश?'

'अंश' संस्कृत आहे, पण 'रेय' हे काही विष्णूचं नाव नाही. किरण हा अर्थ बहुधा इंग्रजीतल्या 'रे'वरून चिकटला असावा. ओढूनताणून 'रै' म्हणजे धन हा वैदिक शब्द आणता येईल; पण मग नै + अक = नायक तसं रै + अंश = रायंश व्हायला हवं.

माझा तर्क वेगळा आहे. 'श्रेयस्'ची पुल्लिंगी रूपं म्हणा : श्रेयान्, श्रेयांसौ, श्रेयांसः. अर्थ 'अधिक चांगला'. गीतेतल्या 'श्रेयान् स्वधर्मो विगुणः'मधला श्रेयान् तो हाच. त्यावरून श्रेयांस. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. हस्तिनापूरचा श्रेयांस निराळा : वर्षभर निराहार राहिलेल्या ऋषभदेवांना त्याने उसाचा रस दिला, म्हणून वर्षीतपाचं, म्हणजे जैनांच्या वर्षभर चालणाऱ्या उपवासव्रताचं, पारणं अजूनही अक्षय्य तृतीयेला त्याच रसाने होतं. या नावात अंश नाहीच, शेवटी 'स' आहे. पण कानाला 'श्रेय + अंश' ऐकू आलं आणि लोक श्रेयांश लिहू लागले. आता त्यातला पहिला श् काढून पाहा. काय उरतं?

आणि हे 'रे' इतकं हवंसं का, तर पत्रिका बघा. प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना नावासाठी एकेक आद्याक्षर ठरलेलं असतं; स्वाती नक्षत्राची ही चरणाक्षरं रू, रे, रो, ता. दुसऱ्या चरणावर मुलगी झाली तर रेवती, रेणुका, रेखा अशी रांग लागते. मुलगा झाला की गाडी रेवणनाथापाशी अडते, आणि आजच्या आईबापांना ते नाव जुनाट वाटतं. रेयांश तिथे नेमकं बसतं. जोडाक्षर नाही, परदेशातल्या बाईंनाही हाक मारता येते. आपल्याकडे मात्र 'काय रे रेयांश' म्हणताना जीभ दोनदा 'रे'वर आपटणार!

रियांश त्याचाच भाऊ. पण 'री' हे चित्रा नक्षत्राचं अक्षर. तेव्हा पत्रिकेतलं अक्षर पाळायचं असेल तर रेयांशच लिहा. जन्मदाखल्याच्या अर्जावर आधी देवनागरीत, अनुस्वार देऊन, मग इंग्रजीत. उलट केलंत तर आधार कार्डावर 'रेयन्श' छापून येतं, आणि मग दुरुस्तीच्या रांगेत आजोबांना उभं राहावं लागतं.