पक्षकार व्हायचंय? आधी हे वाचा

शेजाऱ्याने मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 351 च्या नोटिशीविरुद्ध (म्हणजे बेकायदा बांधकामाबद्दल पालिकेने दिलेल्या नोटिशीविरुद्ध) दावा लावलाय आणि तुम्हाला त्यात शिरायचंय, तर अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1 नियम 10(2) खाली करा. पण त्याआधी रमेश हिराचंद कुंदनमल विरुद्ध मुंबई महापालिका हा 1992 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. समोरचा वकील तो दाखवणारच. तिथे हिंदुस्तान पेट्रोलियमला पक्षकार करण्याचा आदेश रद्द झाला होता, कारण वाद नोटिशीच्या वैधतेचा होता, कंपनीसोबतच्या कराराचा नव्हे. म्हणून जुनी भांडणं, पार्किंग वगैरे अर्जात नकोच. त्याच बांधकामाने तुमचा जिना किंवा उजेड अडत असेल तर तेवढंच लिहा, फोटो आणि मंजूर नकाशा जोडा. पालिकेकडे तक्रार तुम्ही केली होती, एवढ्यावर सहसा भागत नाही.