छतावर सोलर असूनही लाइट गेली की कॉलेज अंधारात का? बॅटरी किती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा : छतावर ५० किलोवॅटचं सोलर आहे, तरी लाइट गेली की सगळं बंद. बॅटरी घालून शेजारच्या वस्तीलाही वीज देता येईल का?

मी कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. बंद पडणं हा बिघाड नव्हे. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज महावितरणच्या लाइनीला (ग्रिडला) जोडणारा, ती लाइन चालू असेल तरच चालतो. नाहीतर छतावरची वीज उलटी लाइनीत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

बॅटरी ५० किलोवॅटच्या हिशेबानं घेऊ नका, खर्च झेपणार नाही. पुराचे दिवस डोळ्यांपुढे आणा. २० वॅटच्या ४० ट्यूब १० तास म्हणजे ८ युनिट. बोअरची ५ एचपी मोटर दीड तास, साधारण ६. फ्रिज, वायफाय आणि शंभर-दीडशे मोबाइल मिळून ४. झाले दिवसाला १८. त्याला ४० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन दिवस पुरते. ५० पैकी २० किलोवॅटचे पॅनेल हायब्रिड इन्व्हर्टरवर (लाइन गेली तरी बॅटरीवर चालणाऱ्या) घ्या आणि एवढ्याच लोडचा डीबी, म्हणजे वीजवाटपाचा बोर्ड, वेगळा काढा. चांगल्या उन्हात किलोवॅटला रोज ४ युनिट मिळतात. पावसाळ्यात त्याच्या चौथाई धरलं तरी २० युनिट होतात, म्हणजे एका दिवसाचं वापरलेलं दुसऱ्या दिवशी जेमतेम भरून निघतं. मोटरला मात्र सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू करणारा) लावा. डायरेक्ट चालू केली तर क्षणभर सहापट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

बॅटरी पहिल्या मजल्यावरच ठेवा. २०१९ च्या पुरात आमच्या यूपीएसच्या सोळा बॅटऱ्या तळमजल्यावर होत्या. पाणी ओसरल्यावर रॅकवर चिखलाची रेघ आणि टर्मिनलवर हिरवी बुरशी, एकही वाचली नाही.

वस्तीपर्यंत वायर ओढायच्या भानगडीत पडू नका. कुंपणाबाहेर वीज द्यायची तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि पुरात ती वायर सांभाळणार कोण? त्यापेक्षा लोकांनाच आत येऊ द्या. त्या वर्षी उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि पंचगंगा उशाला असून शहर टँकरमागं पळत होतं. म्हणून बोअरचं पाणी टाकीत चढवून गेटजवळ चार नळ काढा, शेजारी शेडखाली चार्जिंगचा बोर्ड. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फुटांकडे, म्हणजे धोक्याच्या पातळीकडे, सरकायला लागली की बॅटरी ग्रिडवरून फुल करून ठेवायची, एवढं वॉचमनला शिकवून ठेवा.