लाल दिसली म्हणजे लांबच असेल असं नाही

तुमच्या मुलीला बी.एस्सी.च्या सेमिनारसाठी पडलेला प्रश्न असा: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोत एखादी दीर्घिका भलतीच लाल दिसली, म्हणजे ती दूर आहे हे कळलंच; मग वर्णपटासाठी, म्हणजे तिचा प्रकाश तरंगलांबीप्रमाणे फोडून बघण्यासाठी, दुर्बीण तासन्‌तास कशाला अडवायची? प्रश्न अगदी योग्य आहे. याच गोष्टीपायी माझी एकदा भर मांडवात फजिती झाली आहे.

2022चा गणेशोत्सव. इंदूरला राजेंद्रनगरकडच्या एका मंडळात माझं व्याख्यान होतं. वेबचे पहिले फोटो येऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि 'सीअर्स-93316' नावाच्या एका ठिपक्याचा गाजावाजा चालू होता. ताम्रसृती (विश्व पसरल्यामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचा आकडा; त्यात 1 मिळवला की ताण किती पट ते कळतं) 16च्या पुढे, म्हणजे महास्फोटानंतर 25 कोटी वर्षांच्या आतली दीर्घिका! मी रंगवून सांगितलं, टाळ्या घेतल्या. 2023च्या मार्चमध्ये वेबनेच तिचा वर्णपट घेतला आणि ताम्रसृती निघाली 4.9. म्हणजे विश्व तेव्हा चांगलं 120 कोटी वर्षांचं झालेलं होतं. पुढच्या गणपतीत त्याच मांडवात उभं राहून दुरुस्ती सांगितली, तर पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "भिया, मागच्या साली वाजवलेल्या टाळ्या परत द्या."

ही चूक कशी झाली ते नीट समजलं की तिचा निम्मा सेमिनार झाला. फिल्टरमधून काढलेला फोटो म्हणजे किराण्याच्या बिलाची फक्त बेरीज. साखर किती, तेल किती, ते त्यात दिसत नाही. फार दूरच्या दीर्घिकेचा मुळातला 121.6 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो, त्यामुळे लहान तरंगलांबीच्या फिल्टरांत ती गायब आणि मोठ्या फिल्टरांत हजर. ताम्रसृती 16.4 असेल तर ही सीमा 2.1 मायक्रॉनला (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर) येते. या ठिपक्याचं वागणं तसंच होतं. प्रत्यक्षात ती धुळीने माखलेली दीर्घिका होती, म्हणून निळ्या बाजूला मंद. वर ऑक्सिजनची 500.7 आणि हायड्रोजनची 656.3 नॅनोमीटरची रेषा (वायू ज्या ठरावीक तरंगलांबीला चमकतो ती) जबर तेजस्वी. दोन्ही 5.9 पट ताणल्या की 2.95 आणि 3.87 मायक्रॉन. दुसरी तर नेमकी तिथे पडली जिथे तीन फिल्टरांच्या कडा एकमेकींवर चढतात, म्हणून एकाच रेषेने तिन्ही बेरजा फुगवल्या.

असा चकवा नवा नाही. 1994 मध्ये सापडलेली 'एचआर 10' रंगावरून 2.4 ताम्रसृतीची, म्हाताऱ्या ताऱ्यांची दीर्घिका वाटली होती. 1996 मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीवर अवरक्त वर्णपट घेतला, हायड्रोजनची रेषा सापडली, आणि निघाली 1.44. म्हातारी तर नाहीच, धुळीआड धडाक्याने तारे जन्माला घालणारी!

म्हणजे लाल रंगाला अंतर हे एकच कारण नसतं. मे महिन्यात पिपल्यापाळ्याच्या तलावावर मावळतीचा सूर्य लाल होतो तो काही लांब गेला म्हणून नव्हे. हवा आणि धूळ निळा प्रकाश जास्त अडवतात; दीर्घिकेत हेच काम धूळ करते. शिवाय निळे तारे लवकर संपतात, उरलेली जुनी वस्ती तांबूसच दिसते.

वर्णपटात ही कारणं वेगळी काढता येतात. धुळीची खूण मला सगळ्यात आवडते: हायड्रोजनच्या 656.3 आणि 486.1 या दोन रेषांच्या तेजाचं गुणोत्तर धूळ नसताना साधारण 2.86 असतं. निळसर रेषेला धूळ जास्त खाते, म्हणून हा आकडा चढला की धूळ. जुन्या ताऱ्यांची खूण म्हणजे 400 नॅनोमीटरपाशी एकदम पडलेली पायरी आणि तिच्या आत 393.4 व 396.8 ला कॅल्शियमच्या काळ्या रेषा.

सध्या गाजणारे 'लिटल रेड डॉट्स', म्हणजे वेबच्या फोटोंत सापडलेले छोटे लाल ठिपके, यात आणखी भर घालतात. त्यांच्या हायड्रोजनच्या रेषा इतक्या रुंद असतात की वायू सेकंदाला हजारो किलोमीटरने फिरतो आहे असं मानावं लागतं, म्हणून मध्ये कृष्णविवर असावं असं बरेच जण म्हणतात. पण वायू गिळणारं कृष्णविवर सहसा क्ष-किरणांत चमकतं, आणि हे ठिपके तिथे बहुधा दिसतच नाहीत; वाद तिथेच चालू आहे. सेमिनारमध्ये तिने याचा निकाल लावायला जाऊ नये. परीक्षक तिथेच पकडतील.

तिला सांगा, एकाच रेषेवर ताम्रसृती ठरवायची नाही. दोन रेषा शोधायच्या आणि मोजलेल्या तरंगलांबींचा भागाकार करायचा. ताण कितीही पडो, 656.3 भागिले 500.7 म्हणजे 1.31 हे बदलत नाही. 3.87 ला 2.95 ने भागून बघा. शेजारी 495.9 ची रेषा 500.7 च्या एक तृतीयांश तेजाची दिसली तर ऑक्सिजन पक्का.

वेबच्या निअरस्पेक या वर्णपट घेणाऱ्या उपकरणात सुमारे अडीच लाख इवल्या झडपा आहेत. हव्या त्या दीर्घिकांपुढच्या तेवढ्या उघडायच्या, त्यामुळे एका वेळी शंभराहून जास्त वर्णपट मिळतात. 'डॉन जेडब्ल्यूएसटी आर्काइव्ह'वर असे वर्णपट फुकट बघता येतात. तिथला एखादा उघडून, खाली छापलेली ताम्रसृती हाताने झाकून, तिने स्वतः रेषा ओळखाव्यात. अडली तर वर्णपटाचं चित्र इथे टाका. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आटोपली की मी बघतो.