इथे शेताची चोर, तिथे शेताची राखणदार

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की शेजारचे देश एकमेकांशी बोलत राहिले नाहीत, तर मराठवाड्यातले पक्षी आणि वाणही टिकायचे नाहीत. त्यावर भरपूर पत्रं आली. काहींना ते पटलं, काहींनी मला चांगलंच धारेवर धरलं. त्यातली पाच पत्रं इथे घेते.

प्रश्न : नाथसागरावर जानेवारीत हंसांचा थवा पाहिला. डोक्यावर दोन काळे पट्टे होते. एकाच्या गळ्यात रंगीत पट्टी आणि तिच्यावर अक्षरं होती. कुणाचा पाळलेला पक्षी सुटून आला असेल का? (पैठण)

पाळलेला नाही. हा पट्टकादंब. मंगोलिया, तिबेट, लडाख या भागांत घरटी करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. उन्हाळ्यात जुनी पिसं गळतात तेव्हा त्याला काही दिवस उडता येत नाही. मंगोलियातले अभ्यासक नेमके त्याच दिवसांत त्याला धरून गळ्यात अशी पट्टी घालतात. पट्टीवाले पक्षी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात याआधीही दिसलेले आहेत. पट्टीचा रंग, अक्षरं, तारीख आणि जागा लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, फोटो असला तर सोबत जोडा. तुमच्या दोन ओळींवरून तिकडच्या माणसाला कळेल की आपला पक्षी गोदाकाठी सुखरूप आहे.

या पक्ष्यांच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत तीस देश त्यावर येतात. जायकवाडीला, म्हणजे आपल्या नाथसागराला, १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, ते चांगलंच झालं. पण एका मुक्कामाची सोय करून प्रवास सुखरूप होत नाही. राजस्थानातल्या भरतपूरचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. सायबेरियन क्रौंच तिथे दर हिवाळ्यात यायचे. राष्ट्रीय उद्यान होतं, पाणी होतं, पहारा होता. १९९३ साली त्यांच्यासाठी देशादेशांत सामंजस्य करारही झाला. तोवर वाटेवरच्या देशांतली शिकार आणि आटत गेलेली तळी यांनी त्यांना पार संपवत आणलं होतं. २००२ नंतर भरतपूरला एकही आला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थलांतरित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या समरकंदमधल्या (उझबेकिस्तान) परिषदेत या संपूर्ण मार्गासाठी एकत्र कामाचा आराखडा ठरला आणि त्याचं समन्वय केंद्र भारतात ठेवायचं ठरलं. हे तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मॅडम, तुम्ही पाहुण्या पाखरांचं कौतुक करता. आमच्या शाळूवर भोरड्यांची धाड पडते. दिवसभर गोफण घेऊन माळ्यावर उभं राहावं लागतं. त्यांना वाचवायला देशांनी करार करायचे आणि नुकसान आम्ही सोसायचं? (केज, जि. बीड)

तुमचा राग रास्त आहे. दाणा दुधात आला की भोरड्यांचा ढग उतरतो आणि तासाभरात कणसं मोकळी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. राखणीला माणूस मिळत नाही म्हणून ज्वारीच सोडून दिलेली घरंही माझ्या ओळखीत आहेत.

पण हीच भोरडी उन्हाळ्यात कुठे असते, तेही ऐका. कझाकस्तान, चीनचा शिंजियांग प्रांत अशा कोरड्या गवताळ मुलखात ती दगडांच्या कपारींत हजारोंच्या वस्तीने घरटी करते आणि पिलांना टोळ, नाकतोडे भरवते. शिंजियांगमध्ये तिने यावं म्हणून माणसांनी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले, घरट्यांच्या जागा बांधून दिल्या. टोळांवर औषध फवारण्यापेक्षा भोरडी परवडते, हा त्यांचा अनुभव. म्हणजे तिथले लोक जिला आवतण देतात, तिलाच आपण इथे गोफणीने हाकलतो.

आपल्याकडेही ती नुसतीच खाऊन जात नाही. हरभऱ्यात घाटेअळी पडते तेव्हा भोरड्या आणि साळुंक्या ती वेचतात. हरभऱ्यात पक्षी थांबे उभे करायला सांगतात ते याचसाठी. तरीही ज्वारीचं नुकसान खरंच आहे आणि ते एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. ज्या पक्ष्याचा फायदा एका देशाला आणि तोटा दुसऱ्याला, त्याच्या वाटाघाटीत राखणीचा खर्च आणि भरपाई हे विषय आलेच पाहिजेत. तोवर एक कळकळीची विनंती : गोफण चालवा, हाळी द्या, चमकणाऱ्या फिती बांधा, गावाने मिळून एकाच सुमाराला पेरा म्हणजे धाड वाटली जाईल. विषारी दाणा मात्र टाकू नका. तो भोरडीसोबत लावा, पारवा, मोर सगळ्यांना मारतो.

प्रश्न : लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की घटकेत गिधाडं गोळा व्हायची. आता कुत्री येतात. गिधाडं दुसऱ्या देशात निघून गेली का? (उदगीर)

गेली नाहीत, मेली. तीही आपल्याच औषधाने. माझ्याही आजोळी तो देखावा होता, म्हणून हे उत्तर लिहिताना हात जड होतो.

१९९०च्या दशकात गिधाडं झाडावर बसल्या बसल्या माना टाकून मरू लागली. आधी साथीचा संशय होता. उलगडा झाला पाकिस्तानात, तिथल्या पंजाबातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून, आणि २००४ साली तो प्रसिद्ध झाला. दुखऱ्या, सुजलेल्या जनावराला देतात ते डायक्लोफेनॅक हे कारण होतं. इंजेक्शन दिल्यावर जनावर लगेच दगावलं, तर औषध मांसात राहतं. ते गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि काही दिवसांत ते मरतं. शंभर ढोरांत एकापेक्षा कमी ढोरात औषध असलं तरी जात संपायला पुरतं, असा शास्त्रज्ञांचा हिशेब निघाला. एकेका ढोरावर पन्नास-साठ गिधाडं बसतात आणि एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते. मेलेल्यांची भरपाई होणार कशी? भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात हजारांत एक उरली.

शेजारधर्माचं हे मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. पाकिस्तानात सापडलेल्या कारणावर भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या तिघांनीही २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. २०१० मध्ये बांगलादेशाने आणली. गिधाड दिवसाला शंभर-शंभर किलोमीटर हिंडतं. एका देशाने बंदी घालून शेजारच्याने औषध विकलं असतं तर सगळं पाण्यात गेलं असतं. पुढे केटोप्रोफेनही घातक ठरलं. ते बांगलादेशाने २०२१ मध्ये थांबवलं, आपण २०२३ मध्ये. तेव्हाच असेक्लोफेनॅकही थांबवलं. इथे आपण शेजाऱ्याच्या मागे राहिलो, हे कबूल करायला हवं. नेपाळने तर औषधमुक्त ढोरं घालायची गिधाडांची खानावळच सुरू केली. तिथली संख्या सावरते आहे.

तुम्ही काय करायचं? जनावराला सूज आली, ताप आला तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा. ते गुणकारी आहे आणि गिधाडांना सुरक्षित. मेडिकलमधून माणसांच्या डायक्लोफेनॅकची बाटली आणून गाईला टोचायची सवय काही गावांत अजून आहे. माणसांसाठी ते ३ मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकायला २०१५ पासून मनाई आहे, ती याचमुळे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पाकिस्तानशी संबंध इतके ताणलेले असताना असं सहकार्य फक्त कागदावरच राहत नाही का? (नांदेड)

पुष्कळदा राहतं. पण टोळांचं पाहा. भारत आणि पाकिस्तानचे टोळ अधिकारी १९७७ पासून पावसाळी हंगामात मुनाबाव-खोखरापार सीमेवर भेटू लागले. मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भात अमरावती-नागपूरपर्यंत आली. अशा वेळी ती कुठून निघाली, कुठे अंडी घातली ही माहिती सीमेपलीकडूनही यावी लागते. माळढोकाबाबत असं झालं नाही. तुमच्या-माझ्या शेजारचं, सोलापूरजवळचं नान्नज एके काळी या पक्ष्याचं माहेर होतं. आता तो मुख्यतः राजस्थानात उरला आहे, थोडे पाकिस्तानात. २०२० मध्ये गांधीनगरला त्याला स्थलांतरित प्राण्यांच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेल्यांच्या यादीत घेतलं, पण दोन्ही देशांनी एकत्र बसून काम केल्याचं मला दिसत नाही. भूतान आणि आसाम यांच्या सीमेवरचं मानस अभयारण्य हे चांगलं उदाहरण अभ्यासात ठेवा. तिथे दोन्हीकडचे वनकर्मचारी वाघांची गणना मिळून करतात.

प्रश्न : आमच्या ज्वारीचे, तुरीचे जुने वाण परदेशी संस्थांनी नेऊन ठेवले म्हणतात. सहकार्याच्या नावाखाली ही लूट नाही का? (जिंतूर, जि. परभणी)

सावध राहणं बरोबर आहे, पण आपण नेहमी देणारेच होतो असं नाही. ज्वारी मूळची आफ्रिकेची. हरभरा तुर्कस्तानाकडचा. तूर मात्र आपली, ती इथून पूर्व आफ्रिकेत गेली, आणि आज मोझांबिक व टांझानियातली तूर आपण विकत आणतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या बियाणे पेढीत तुमच्या आजोबांच्या दगडी ज्वारीशेजारी इथिओपियाची ज्वारीही जपलेली आहे. उद्या नवा रोग आला तर प्रतिकार त्यातल्या कुठल्या दाण्यात निघेल, आज कुणी सांगू शकत नाही. २००४ साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय बियाणे कराराच्या यादीत ज्वारी, तूर, हरभरा तिन्ही आहेत. कुणीही संशोधनासाठी घ्यावं आणि फायद्यातला वाटा परत द्यावा, असा तो करार.

तुमचा हक्कही कायद्यात आहे. आपलं बियाणं राखणं, पेरणं, अदलाबदल करणं आणि ब्रँडचं नाव न लावता विकणं हे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी कंपनीला आपलं जैविक साधन न्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. ग्रामसेवकाकडे ती वही पाहायला मागा. तुमच्या घरची ज्वारी तिच्यात नसेल, तर वाणाचं नाव, कणसाचा आकार, भाकरी कशी होते, कडबा जनावरं आवडीने खातात का, हे सगळं वडीलधाऱ्यांना विचारून लिहवून घ्या. जे कुठेच लिहिलेलं नाही, ते आपलं म्हणून चेन्नईतही सिद्ध करता येत नाही.