एफडी पिकेपर्यंत थांबू नका, एक्स-रे आत्ताच काढा

प्रश्न : आमचा डॅशहंड सहा महिन्यांचा आहे. महिनाभर डाव्या पुढच्या पायाने लंगडतोय. डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे सांगितलेत, गुंगीच्या इंजेक्शनसह 5,500 रुपये. मेहुणे म्हणतात, एक्स-रेत काही कळत नाही, थेट सीटी स्कॅन करा. त्याचे 22,000. एक लाखाची वर्षाची एफडी पाच महिन्यांनी मॅच्युअर होईल. तोवर थांबून एकदम सीटीच करू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : थांबू नका, ताई. एक्स-रे याच आठवड्यात बचत खात्यातून काढा.

हा खर्च पुढे ढकलण्यासारखा नाही. डॅशहंड, बॅसेट, कॉर्गी अशा आखूड पायांच्या जातींत पुढच्या पायातली दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, कधीकधी बरोबरीने वाढत नाहीत. अल्नाची मनगटाजवळची वाढ लवकर थांबली की ती आखूड पडते आणि कोपराचा सांधा नीट बसत नाही. अल्ना कापून सांध्यावरचा ताण सोडवण्याची शस्त्रक्रिया वाढत्या वयात जास्त उपयोगी पडते, आणि बहुतेक वाढ आठ-दहा महिन्यांत आटोपते. एफडी हातात येईल तेव्हा पिल्लू अकरा महिन्यांचं असेल.

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सांध्याच्या आतल्या बाजूला सुटलेला हाडाचा बारीक तुकडा एक्स-रेत निसटू शकतो; तिथे सीटी सरस. पण अल्ना आखूड आहे का, कोपरामागचं जे टोक साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जुळायला हवं ते सुटं राहिलंय का, सांध्याच्या कडेला नवं हाड धरलंय का, हे चांगल्या एक्स-रेत दिसतं. सीटीचे 22,000 घालायचे की नाही, हे त्यानंतर ठरवा.

चांगला म्हणजे कसा? समोरून, बाजूने आणि कोपर पूर्ण दुमडून. दुमडल्यावर ते मागचं टोक मोकळं दिसतं. मनगटापर्यंतचा पाय फिल्ममध्ये येऊ द्या. या जातींचे पाय मुळातच बाकदार, म्हणून दोन्ही बाजू ताडून पाहाव्या लागतात. डिजिटल प्रत मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा पैसे भरावे लागणार नाहीत.

आता एफडी. ती आत्ता, म्हणजे ठेवल्यापासून सात महिन्यांनी, मोडली आणि बँकेने एक टक्का दंड लावला, तर लाखावर साधारण 600 रुपये जातील. कमी मुदतीचा दर कमी असेल तर थोडे जास्त. एवढ्यासाठी पाच महिने त्या पिल्लाला दुखत ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. तरी सीटी किंवा शस्त्रक्रिया ठरेपर्यंत ती राहू द्या, आणि ठरली तर क्रेडिट कार्डच्या हप्त्यांऐवजी तीच मोडा. आता पाळीव प्राण्याचा विमा काढून यातलं काही निघणार नाही. लंगडणं आधीच सुरू झालंय. आरोग्य विम्यासाठीची प्राप्तिकरातली वजावटही कुत्र्याच्या उपचारांना मिळत नाही.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातही दर विचारून या. आणि शस्त्रक्रिया सांगितलीच, तर भूल, ड्रेसिंग आणि नंतरचे एक्स-रे धरून पूर्ण खर्च लेखी मागा.