जिनिव्हाहून शामोनीला भाड्याच्या गाडीने: आधी टायर बघा

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत दोन मुलांना घेऊन जिनिव्हाला उतरायचं आणि भाड्याची गाडी घेऊन फ्रान्समधल्या शामोनीला स्कीइंगला जायचं. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलीय, बर्फात कधीच नाही, तर जमेल का? जमेल. मी साताऱ्याची, खंबाटकी घाटात हात बसलेला, आणि हाच रस्ता दोन हिवाळे मी स्वतः चालवलाय. पण तुमची काळजी चुकीच्या जागी आहे. चालवण्यापेक्षा गाडी ताब्यात घेताना जास्त सावध राहायला लागतं.

जिनिव्हाच्या विमानतळाला स्विस बाजू आहे तशी फ्रेंच बाजूही आहे, आणि फ्रेंच बाजूची गाडी पुष्कळदा स्वस्त दिसते. पहिल्या वेळी मी तीच घेतली. भाड्यात हिवाळी टायर नव्हते. मग वेगळे पैसे भरून बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या घेतल्या, त्या डिकीत टाकल्या आणि निघालो. रात्री नऊला, मुक्काम दीड किलोमीटरवर असताना, गल्लीच्या चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. साखळ्या काढल्या तर त्या आमच्या टायरच्या मापाच्याच नाहीत! गाडी तिथेच कडेला लावून, झोपेला आलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन वर चढलो.

म्हणून काउंटरवर नाही, पार्किंगमध्ये गाडीजवळ उभं राहून बघा. फ्रान्सच्या डोंगरी भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च चारही चाकांना हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या असणं कायद्याने सक्तीचं आहे. हिवाळी टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं टायर नोव्हेंबर २०२४ पासून चालत नाही. टायरवर २०५/५५ आर १६ असं काहीतरी माप असतं, साखळ्यांच्या डब्यावर तेच आहे का ते ताडून बघा. एकदा तिथेच, उजेडात, एका चाकाला चढवून पाहा. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांनाच साखळी लावायची, छोट्या गाड्यांत बहुतेक पुढच्या. शंभर मीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळायची, वेग ५० च्या आत ठेवायचा आणि काळा रस्ता दिसला की काढून टाकायची.

दुसऱ्या वर्षी मी स्विस बाजूने घेतली. थोडी महाग पडली, पण हिवाळी टायर होते आणि स्विस महामार्गाचा ४० फ्रँकचा वार्षिक स्टिकर काचेवर आधीच होता. माझं मत विचाराल तर तुम्हीही हेच करा. गाडी फ्रान्समध्ये नेणार हे मात्र बुकिंग करतानाच सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात: आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो वर्षभर चालतो, पण सोबत मूळ लायसन्स हवंच. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं असू द्या, कारण अनामत त्यावरच अडकवतात.

रस्ता तसा सोपा आहे. जिनिव्हा ते शामोनी साधारण सव्वा तास, त्यातला बराचसा महामार्ग, आणि मुख्य रस्त्यावरचा बर्फ झपाट्याने हटवतात. अडचण येते ती शेवटच्या गल्लीत. उजव्या बाजूने चालवायची सवय अर्ध्या तासात होते. इंडिकेटरची दांडी डावीकडे असल्यामुळे पहिल्या दिवशी वळताना वायपर फिरतील, तेवढ्याने गडबडू नका. वाटेतल्या ले फाये गावाच्या पुढे रस्ता उंच पुलांवरून दरी चढतो, तिथून पुढे आपल्या घाटातलाच नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर हाताने खालचा गिअर टाका. बर्फावर ब्रेक दाबून गाडी थांबवायची नसते, आधीपासून हळू करत आणायची असते. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवा, आणि मागून कुणी घाई केली तरी आपला वेग सोडू नका.

शक्य असेल तर शनिवारी जाऊ नका. तिथली भाड्याची घरं बहुधा शनिवार ते शनिवार असतात आणि फेब्रुवारीत फ्रेंच शाळांना सुट्ट्या, त्यामुळे सव्वा तासाचे तीन तास सहज होतात. 'बिझाँ फ्युते' ही सरकारी सेवा रस्त्यावरच्या गर्दीच्या अंदाजाप्रमाणे प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते, तिकिटं काढण्याआधी तो बघा.

एक गोष्ट अजून, कारण तुमचे पैसे वाचतील. घर शामोनी गावातच मिळालं तर गाडीची गरजच नाही. मुक्कामी मिळणाऱ्या पाहुण्यांच्या कार्डावर दरीतली बस आणि ट्रेन फुकट असते, आणि गाडी आठवडाभर पार्किंगचे पैसे खात उभी राहते. विमानतळावरून व्हॅन मिळते. घर लांबच्या वस्तीत असेल, तरच गाडी घ्या.

घेतलीत तर रात्री सपाट जागी, गिअरमध्ये लावा. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकू शकतो. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी बर्फ खरवडायला वीस मिनिटं हातात ठेवा, गरम पाणी ओतू नका, काच तडकते. आणि टपावरचा बर्फही झाडून टाका, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा घसरून तुमच्या समोरच्या काचेवर येतो.