मुलगी म्हणते, फाउंडेशनमध्ये काम करायचंय

सांगलीहून पत्र लिहिणाऱ्या बाबांना सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेकीने पुण्यात एमएसडब्ल्यू केलं, मग दोन वर्षं जत तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहावर काम केलं. आता तिला अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसच्या लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपीत, म्हणजे देणग्या आणि सेवाभावी कामाचा अभ्यास शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या विभागात, प्रवेश मिळालाय. शिकून झाल्यावर तिथल्या एखाद्या काउंटीच्या कम्युनिटी फाउंडेशनमध्ये अनुभव घ्यायचा आणि मग सांगलीत परतून तसंच काही उभं करायचं, असं तिच्या मनात आहे. तुमचा प्रश्न असा: "हे सरकारी ऑफिस, बँक की ट्रस्ट? दुसऱ्याचे पैसे वाटण्यात शिकायचं ते काय? आणि त्यासाठी घर तारण ठेवावं का?"

आधी ते आहे काय, ते सांगते. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा भाग, ज्याचं स्वतःचं कोर्ट आणि शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, असतो. कम्युनिटी फाउंडेशन हा त्या भागापुरता सार्वजनिक ट्रस्ट, सरकारी नव्हे. त्या भागातली माणसं हयातीत किंवा मृत्युपत्राने त्यात पैसे ठेवतात. मुद्दलाला हात लावायचा नाही, त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी स्थानिक स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यायचं, ही रीत. देवस्थानाच्या इनामातून दिवाबत्ती चालायची, तसंच काहीसं. फरक एवढाच की मुद्दल शेअर्स-रोख्यांत गुंतवलेलं असतं, म्हणून मागच्या काही वर्षांच्या सरासरी किमतीवर साधारण चार-पाच टक्के काढतात. 10 लाख डॉलरच्या निधीतून चार टक्क्यांनी वर्षाला 40,000 डॉलर बाहेर पडतात. बाजार पडला म्हणून त्या वर्षी पाळणाघराचं अनुदान एकदम निम्मं होऊ नये, यासाठी ती सरासरी.

ही कल्पना 1914 साली ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये फ्रेडरिक गॉफ नावाच्या वकील-बँकरला सुचली. ट्रस्ट कंपनी चालवताना त्याने पाहिलं होतं की माणूस मृत्युपत्रात एखाद्या कारणासाठी पैसे बांधून जातो, ते कारणच पुढे उरत नाही, आणि पैसा अडकून पडतो. त्यावर त्याने तोड काढली: निधी कायमचा राहील, पण काळ बदलला तर तो कुठे वळवायचा हे स्थानिक समिती ठरवेल. इंडियानापोलिसमध्ये असं फाउंडेशन 1916 सालीच निघालं. पण इंडियानाची खरी गंमत 1990 नंतरची आहे. लिली एन्डाउमेंट या तिथल्या मोठ्या खासगी फाउंडेशनने सांगितलं की तुमच्या काउंटीतल्या लोकांनी निधी उभा करा, आम्ही त्यात भर घालतो. आज राज्याच्या 92च्या 92 काउंट्यांना कम्युनिटी फाउंडेशनचा आधार आहे. त्यातल्या कितीतरी काउंट्या मका-सोयाबीनच्या, छोट्या गावांच्या आहेत. या विषयासाठी तुमच्या लेकीने निवडलेली जागा चांगली आहे, हे मी मनापासून सांगते.

आता "वाटण्यात शिकायचं काय" याबद्दल. मी स्वतः अकरा वर्षं मराठवाड्यातल्या एका संस्थेसाठी देणगीदारांना अर्ज लिहिलेत. आमचंही वसतिगृह होतं. एका देणगीदाराची माणसं आली, मुलांच्या पंगतीत जेवली, फोटो काढले, चेक दिला आणि गेली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या ट्रस्टची एक बाई आली. तिने किराण्याची वही मागितली आणि गॅसच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "तीस मुलांना महिन्याला एवढे सिलिंडर?" मी गडबडले. मग स्वयंपाकाच्या मावशींनीच सांगितलं की शाळेच्या वयाची न झालेली बारा भावंडंही रोज जेवतात, पटावर नसतात. त्या बाईने चूक काढली नाही. अर्जात बेचाळीस ताटं लिहायला लावली, मावशींचं मानधन आम्ही लाजून शून्य दाखवलं होतं ते भरायला लावलं, आणि मागितलेल्यापेक्षा जास्त रक्कम मंजूर करून आणली. तुमची लेक जे काम शिकायला निघाली आहे, ते हे. फाउंडेशनमध्ये त्याला प्रोग्राम ऑफिसर म्हणतात. अर्ज वाचायचे, जागेवर जाऊन बघायचं, समितीपुढे मांडायचं, वर्षअखेरीचा अहवाल तपासायचा. वही वाचता आली पाहिजे आणि मावशींशी बोलताही आलं पाहिजे.

तिला एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू दे. फाउंडेशनमधला सगळा पैसा अर्जांवर दिला जात नाही. बराच पैसा देणगीदाराने सुचवायच्या निधीत असतो: तो सांगतो अमुक चर्चला द्या, अमुक शाळेला द्या, आणि कर्मचाऱ्यांनी फक्त संस्था पात्र आहे ना, एवढं बघायचं. काही निधी शिष्यवृत्तीला बांधलेले, काही एकाच संस्थेच्या नावाचे. समितीला मोकळेपणाने देता येतो तो उरलेला भाग. हे तिने स्वतः ताडून बघावं. तिथल्या अशा फाउंडेशनांना दरवर्षी फॉर्म 990, म्हणजे करखात्याचं वार्षिक विवरणपत्र, भरावा लागतो आणि तो कोणालाही बघता येतो. 5,000 डॉलरपेक्षा जास्त अनुदान कोणत्या संस्थेला किती गेलं, ते नावानिशी त्यात असतं. मुलाखतीला जाण्याआधी त्या काउंटीचे तीन वर्षांचे फॉर्म वाचून गेली, तर तिचं बोलणं वेगळं पडेल.

कर्जाचं स्पष्ट बोलू. छोट्या काउंटीचं फाउंडेशन म्हणजे मोजक्या माणसांचं ऑफिस, जागा क्वचित निघते. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं. स्टेम यादीतल्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या, विषयांना आणखी 24 महिने मिळतात, पण समाजकार्याच्या बाजूचे विषय बहुधा त्या यादीत नसतात. तिच्या आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, विषयाचा कोणता कोड येणार, हे विद्यापीठाकडून लेखी मागवा. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून विद्यापीठांना सूट असते, काउंटीच्या फाउंडेशनला ती आपोआप मिळत नाही. म्हणजे "तिकडे कमावून हप्ते फेडू" हे गणित एका वर्षाच्या पगारावर उभं आहे. त्यासाठी घर तारण ठेवू नका, असंच मी सांगेन. विद्यापीठाकडे फीमाफी किंवा असिस्टंटशिप, म्हणजे शिकताना विद्यापीठातलंच पगारी काम, मागा. मिळत नसेल तर प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, ते विचारा. जतचा अनुभव एका वर्षाने जुना होत नाही, वाढतो.

परत येऊन सांगलीत असं काही काढायचं, हे मला सगळ्यात आवडलं, आणि सगळ्यात अवघडही तेच आहे. मुंबईत 1991 पासून बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट आहे, तेव्हा कल्पना आपल्याकडे नवी नाही. पण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने घेऊन दुसरीला देता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून पैसे आणून तालुक्यातल्या संस्थांना वाटू, हा रस्ता बंद आहे. ट्रस्टच्या उत्पन्नातले 85 टक्के साधारण त्याच वर्षी खर्च करावे लागतात, आणि कुठे गुंतवायचं याचे प्रकारही कायद्याने ठरवलेले आहेत. म्हणजे सांगलीचं फाउंडेशन उभं राहील ते सांगलीच्याच पैशावर: हळदीचे व्यापारी, द्राक्षबागायतदार, निवृत्त शिक्षक. त्यांना "मुद्दल कायम राहील, तुमच्या आईच्या नावाने दरवर्षी जतला अनुदान जाईल" हे पटवणं हाच तिच्या पुढच्या दहा वर्षांचा धंदा असेल. ते पटवायला इंडियाना तिला शिकवेल, पण माणसं तिला इथलीच ओळखावी लागतील.

कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी तिला एक काम सांगा. इंडियानातल्या कुठल्याही काउंटीच्या फाउंडेशनचा अनुदान-अर्ज मिळवायचा आणि आपल्या जतच्या वसतिगृहासाठी तो पूर्ण भरायचा, ताटांच्या आणि सिलिंडरच्या आकड्यांसकट. भरलेला अर्ज मला पाठवा, मी बोट ठेवून वाचते. मग आपण तिघं फोनवर बोलू.